रेंडरमधली स्ट्रिप लाईट पांढऱ्या टेपसारखी का दिसते?

मी थ्रीडी व्ह्यू (खोली तयार होण्याआधी कॉम्प्युटरवर काढलेलं तिचं चित्र, त्यालाच रेंडर म्हणतात) काढायला लागलो तेव्हाचा एक बेडरूम अजून माझ्या हार्डडिस्कमध्ये आहे, मुद्दाम ठेवलाय. फॉल्स सीलिंगच्या कडेने स्ट्रिप लाईट दाखवली होती, त्यावर दोन रात्री घालवल्या होत्या, आणि क्लायंटने व्ह्यू बघून पहिलाच प्रश्न विचारला, "ही पांढरी टेप नंतर काढणार ना?" त्याला खरंच वाटलं की रंगकाम करताना लावलेली मास्किंग टेप राहून गेलीय.

आता तेच दुखणं दुसऱ्यांचं होऊन माझ्याकडे मेसेजमध्ये येतं. "स्ट्रिप चालू आहे पण खोलीत उजेडच पडत नाही." "उजेड पडतोय पण स्ट्रिप जळून नुसती पांढरीफटक झालीय." "सीलिंगवर सगळीकडे पांढरे ठिपके आलेत, रात्रभर रेंडर टाकलं तरी जात नाहीत." तक्रारी तीन दिसतात पण दुखणं बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, बटणांची नावं बदलतात, उजेड सगळीकडे सारखाच वागतो.

आधी खरी स्ट्रिप बघून या

कॉम्प्युटर जरा बाजूला ठेवा. खरी एलईडी स्ट्रिप म्हणजे ८-१० मिलीमीटर रुंदीची लवचिक पट्टी, तिच्यावर ओळीने बारीक चिप. मीटरला ६० चिप असतील तर दर १६-१७ मिलीमीटरवर एक, १२० असतील तर दर ८ मिलीमीटरवर. हल्ली सीओबी स्ट्रिप पण मिळते, तिच्यात चिप इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की ठिपके दिसतच नाहीत, सलग रेघ दिसते. ही पट्टी एकतर सीलिंगच्या खाचेत लपवतात, त्या खाचेला कोव्ह म्हणतात, नाहीतर अॅल्युमिनिअमच्या प्रोफाइलमध्ये घालून वर दुधी कव्हर बसवतात. ते दुधी कव्हर म्हणजे डिफ्यूझर.

आता अशा खोलीत उभे राहून वर बघा. स्ट्रिप दिसते का? कोव्हमधली तर बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसतं ते सीलिंग, खाचेजवळ लख्ख आणि मध्याकडे जाता जाता हळूहळू मावळत जाणारं. मी त्याला उतरण म्हणतो. स्ट्रिप लाईट म्हणून आपल्याला जे आवडतं ते सगळं त्या उतरणीत असतं, आणि नवशिका माणूस मात्र पूर्ण जीव लावतो त्या पट्टीत, जी मुळात लपवायची असते. माझ्या बेडरूमचं तेच झालं होतं, पट्टी झकास आणि सीलिंग मेलेलं.

स्क्रीनला तेवढं चमकता येत नाही

थोडं गणित करूया, सोपं आहे. एखादी गोष्ट डोळ्याला किती उजळ दिसते ते मोजायचं एकक म्हणजे निट. समजा प्रोफाइल लाईटचं कव्हर १ सेंटिमीटर रुंद आहे आणि मीटरभर लांबीतून १००० लुमेन उजेड बाहेर पडतोय (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड). त्या कव्हरचा पृष्ठभाग होतो सुमारे ३०,००० निट. त्याच खोलीतली पांढरी भिंत, तिच्यावर १०० लक्स पडत असतील, म्हणजे दर चौरस मीटरला १०० लुमेन, तर ती होते जेमतेम २५ निट. म्हणजे स्ट्रिप भिंतीपेक्षा हजार-बाराशे पट उजळ! आणि आपला साधा मॉनिटर? पूर्ण पांढरा केला तरी ३०० निटच्या आसपास.

म्हणजे स्क्रीनवर स्ट्रिप खऱ्यासारखी चमकवणं शक्यच नाही. पांढरा तो पांढरा, त्याच्यापुढे जागाच नाही. तुम्ही ब्राइटनेस १० करा नाहीतर १००० करा, त्या पट्टीचा पिक्सेल तेवढाच पांढरा राहणार, कागदासारखा. म्हणून ती टेप दिसते. ती पेटलेली आहे हे डोळ्याला पटतं ते आजूबाजूच्या गोष्टींवरून, म्हणजे सीलिंगवरच्या उतरणीवरून, पडद्याच्या वरच्या चुण्यांवर आलेल्या उजेडावरून, खालच्या गुळगुळीत फरशीत उमटलेल्या रेघेवरून. ह्या खुणा नसल्या की मेंदू म्हणतो, रंगवलेली पट्टी आहे.

नुसती चमकतेय की उजेड पडतोय?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रिप करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पातळ पट्टी काढून तिला एमिसिव्ह मटेरिअल लावायचं, म्हणजे स्वतः चमकणारं मटेरिअल. दुसरा म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार लाईट, लांबट चौकोनी किंवा रेघेसारखा, तिथे ठेवायचा. दिसायला दोन्ही सारखेच, आतून मात्र बराच फरक पडू शकतो.

रेंडर इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरचा चित्र तयार करणारा भाग, काय करतं, तर कॅमेऱ्यातून किरण सोडतं, ते भिंतीवर आपटून कुठेतरी उडतात, तिथून अजून कुठे, आणि वाटेत दिवा लागला तर उजेड मिळाला. ह्याला पाथ ट्रेसिंग म्हणतात, त्याचं मूळ समीकरण जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. आता कल्पना करा की मोठ्या मैदानात एक दोरी ताणलीय आणि तुम्हाला डोळे बांधून चेंडू फेकत तिला लावायचाय. शंभरातला एखादा लागणार. खोलीतली १ सेंटिमीटरची पट्टी म्हणजे तीच दोरी. ज्या पिक्सेलचा चेंडू लागला तो लख्ख, बाकीचे काळे, आणि तेच तुमचे पांढरे ठिपके, नॉईज. तयार लाईट ठेवला की इंजिनला दोरी कुठे आहे ते आधीच माहीत असतं, ते प्रत्येक आपटीला सरळ तिकडे बघून घेतं.

काही इंजिनं एमिसिव्ह वस्तूलाही आपणहून लाईट समजतात, ब्लेंडरमधलं सायकल्स तसं करतं. व्ही-रे नावाच्या इंजिनच्या लाईट मटेरिअलमध्ये मात्र डायरेक्ट इल्युमिनेशनची खूण करावी लागते, ती न करता लोक रात्रभर रेंडर चालवतात आणि सकाळी ठिपके मोजतात. रेंडर अजून जास्त वेळ चालवून हे फार सुटत नाही, कारण नॉईज निम्मा करायला सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) चौपट लागतात, पाव करायला सोळापट.

अजून एक सापळा म्हणजे डिफ्यूझर. मॉडेलमध्ये प्रामाणिकपणे काचेसारखं कव्हर केलं आणि लाईट त्याच्या आत ठेवला तर इंजिन दिव्याकडे सरळ बघायला जातं आणि मध्ये काच आडवी येते. घर माहितीय पण दार बंद, अशी गत. मग परत डोळे बांधून चेंडू. त्यामुळे कव्हर साधं ठेवायचं आणि लाईट त्याच्या बाहेरच्या अंगाला, मिलीमीटरभर पुढे ठेवायचा. खऱ्या डिफ्यूझरमध्ये तरी काय होतं, उजेड त्या दुधी पृष्ठभागावरूनच पसरतो ना, मग आपणही तिथूनच सुरू केला तर बिघडलं कुठे.

उतरण: इथे घाई करू नका

आता खरा विषय. बल्बचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई होतो, हे शाळेत शिकलोय. लांब स्ट्रिपजवळ तसं होत नाही, अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होतो. कारण समजायला हायवे आठवा. एकट्या गाडीचा हॉर्न थोडं लांब गेलं की विरतो, पण अख्ख्या हायवेची घरघर बरंच लांब गेलं तरी ऐकू येत राहते, कारण समोरची गाडी लांब झाली तरी डाव्या-उजव्या बाजूच्या गाड्या भर घालत असतात. स्ट्रिपचंही तसंच. म्हणून स्ट्रिपच्या जागी ओळीने पाचसहा पॉइंट लाईट ठेवून काम भागवलं की सीलिंगवर गोल गोल फुगे दिसतात, रेघेचा उजेड येत नाही.

पण उतरण बिघडण्याचं नेहमीचं कारण वेगळंच असतं, स्ट्रिप आणि सीलिंगमधलं अंतर. मी एकदा बसून हिशोब केला. वर तोंड करून ठेवलेली स्ट्रिप सीलिंगपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर तिच्या बरोबर डोक्यावरचा उजेड आणि तिथून ३० सेंटिमीटर बाजूचा उजेड ह्यात सव्वादोनशे पट फरक पडतो. तीच स्ट्रिप १५ सेंटिमीटर खाली ठेवली तर फरक उरतो सुमारे ११ पट. हा फक्त थेट उजेड, परतून येणारा त्यात धरलेला नाही, तरी चित्र स्पष्ट आहे. ५ सेंटिमीटरवर तुम्हाला जळालेली पट्टी आणि पुढे अंधार मिळणार, १५ वर मिळणार उतरण. आणि आपण काय करतो, उजेड पसरत नाही म्हणून पॉवर वाढवतो. पट्टी अजून जळते, अंधार तसाच. पॉवर कितीही करा, ते सव्वादोनशेचं प्रमाण तसूभर हलत नाही, ते फक्त अंतराने हलतं.

कोव्हची पुढची उभी कडा पण नीट काढा. तिच्यामुळे समोरच्या भिंतीवर एक आडवी सावलीची रेघ पडते, वर उजेड खाली सावली. खऱ्या खोलीत ती रेघ असते, आपण कधी लक्ष देत नाही इतकंच. कडा कमी उंचीची ठेवली तर रेघ खाली सरकते, आणि फारच कमी ठेवली तर लांबून बघणाऱ्याला स्ट्रिपच दिसायला लागते. आणि सीलिंगला जाडी द्या हो, शून्य जाडीच्या प्लेनमधून उजेड वरच्या खोलीत गळल्याची रेंडरं मी पुष्कळ बघितलीत. त्यातली काही माझीच.

एक सोपी गोष्ट पण सांगतो. चिपचा उजेड साधारण १२० अंशात पसरतो असं स्ट्रिपच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरमधला साधा चौकोनी लाईट, काही न बदलता, जसा पसरतो त्याला लॅम्बर्टचा नियम म्हणतात (योहान लॅम्बर्ट, १७६०), आणि त्यात ६० अंशाला उजेड बरोबर निम्मा होतो, दोन्ही बाजू धरून १२०. म्हणजे पसरण्याच्या सेटिंगला हात न लावणं हेच इथे बरोबर उत्तर आहे!

वॅट, लुमेन आणि साइजची गडबड

पाकिटावर मीटरला १० वॅट लिहिलंय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये १० वॅट टाकू नका. पाकिटावरचे वॅट म्हणजे खाल्लेली वीज, ब्लेंडरचे वॅट म्हणजे बाहेर पडलेली उजेडाची ऊर्जा. १००० लुमेनच्या पांढऱ्या एलईडीची ती ढोबळमानाने ३ वॅट भरते, म्हणजे तुम्ही तिपटीहून जास्त उजेड ओतला. लुमेन टाकायची सोय असेल तर लुमेनच टाका.

लुमेनमध्ये लाईटची लांबी वाढवली तरी एकूण उजेड तेवढाच राहतो, तो जास्त लांबीवर पातळ होतो. काही एककं ह्याच्या उलट वागतात, त्यात पृष्ठभाग वाढला की उजेडही वाढतो. त्यामुळे १ मीटरचा लाईट ताणून ४ मीटर केला की पट्टी एकदम फिकी पडली किंवा खोली एकदम भडकली तर घाबरू नका, आधी एकक बघा.

पांढरा रंग किती पांढरा?

कोव्हच्या खोलीत जमिनीवर जो उजेड येतो तो जवळजवळ सगळा सीलिंग-भिंतीवरून उडून आलेला. त्यामुळे रंग किती उजेड परत फेकतो ते इथे फार महत्त्वाचं. लोक सीलिंगला आरजीबी २५५ (कॉम्प्युटरवरचा पूर्ण पांढरा) लावतात, म्हणजे आलेला उजेड शंभर टक्के परत, असा रंग जगात नाही. चांगला पांढरा पेंट साधारण ८० टक्के परत देतो, तो येतो आरजीबी २३१ च्या आसपास.

८० आणि ९५ मध्ये काय एवढं, असं वाटेल. पाच वेळा उडवून बघा. ९५ टक्केवाला पाच उड्यांनंतर ७७ टक्के शिल्लक ठेवतो, ८० टक्केवाला ३३, आणि ५० टक्केवाला करडा रंग फक्त ३. फार पांढऱ्या खोलीत उजेड कोपऱ्याकोपऱ्यात घुसून सगळं सपाट करतो, उतरण धुऊन जाते. गडद खोलीत उलट, स्ट्रिप कितीही वाढवा, जमीन काळीच. आणि तशा गडद खोलीत खरंच अंधार पडणार असतो, तो रेंडरमध्ये लपवला तर प्रत्यक्ष काम झाल्यावर बोलणी तुम्हालाच.

केसरी रंग नको

वॉर्म लाईट म्हणून कलर पिकरमधून केसरी उचलू नका, केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड उबदार) टाका, २७०० किंवा ३०००. तरीही भगवं दिसलं तर दोष कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सचा (कुठला उजेड पांढरा धरायचा त्या सेटिंगचा) असतो, तो बहुतेक ६५०० वर असतो. ४०००-४५०० वर आणा, स्ट्रिप मऊ उबदार होईल आणि खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर त्याला निळसर झाक येईल. फोटोग्राफर पण तेच करतात.

"फोटोशॉपमध्ये ग्लो मारला की झालं की!"

चिमूटभर मारा, जरूर. खूप उजळ गोष्ट बघताना आपल्या डोळ्यात आणि कॅमेऱ्याच्या काचेत उजेड थोडा सांडतोच, त्यामुळे थोडी धूसर प्रभा खरी वाटते. पण ग्लोला खोलीतलं काही कळत नाही. पुढे कपाट आहे, पडदा आहे, त्याला काय, तो सगळ्यांवर धुकं पसरतो. आणि त्याने भिंतीवर सावली पडत नाही, फरशीत प्रतिबिंब येत नाही. उतरण बरोबर असेल तर ग्लो शोभतो, नसेल तर धुक्यात टेप दिसते.

फोटोशॉपचं नाव निघालंच आहे तर अजून एक. फाइल ८ बिटमध्ये (म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या) सेव्ह करून उजळपणाचे कर्व्ह ओढले की सीलिंगवर पायऱ्या दिसतात, नकाशावरच्या उंचीच्या रेघांसारख्या. कारण उतरण १५०० पिक्सेलवर २३० पासून २०० पर्यंत उतरते, म्हणजे ३० च पायऱ्या, प्रत्येकी ५० पिक्सेल रुंद. ईएक्सआर फाइलमध्ये किंवा १६ बिटमध्ये, जिथे पायऱ्या कितीतरी जास्त असतात, काम करा आणि शेवटी बारीक ग्रेन टाका.

"डिनॉईझर आहे ना, मग कशाला एवढं?"

आहे, ठिपके आपोआप पुसणारं ते साधन मी रोज वापरतो. पण डिनॉईझर अंदाज करतो, आणि अंदाजाला काहीतरी आधार लागतो. फारच ठिपके असतील तर तो त्यांचे ढग करतो, सीलिंगवर डाग पडल्यासारखे, आणि ॲनिमेशनमध्ये ते डाग हलतात पण. शिवाय स्ट्रिप लाईटचा खरेपणा ज्या बारकाव्यात असतो तेच तो आधी पुसतो. भिंतीला लागून वरून खाली सरपटत येणारा उजेड भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो, पुट्टी घासल्याच्या लाटा सुद्धा. मी म्हणून भिंतीला अगदी हलका बम्प (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) देतो आणि कोव्हच्या कडांना १-२ मिलीमीटर गोलाई, मग कडेवर उजेडाची बारीक रेघ पकडली जाते. तलवारीसारखी धारदार कडा खऱ्या घरात नसते.

"माझं सॉफ्टवेअर रिअल-टाइम आहे, लगेच चित्र दाखवतं, त्यात हे चालतं का?"

उतरण, अंतर, रंग, केल्विन हे सगळं जसंच्या तसं चालतं. फरक आहे तो चमकणाऱ्या मटेरिअलचा. ब्लेंडरच्या जुन्या ईव्ही इंजिनमध्ये एमिसिव्ह पट्टी नुसती चमकते, शेजारी उजेड टाकत नाही, एवढ्यावरून कितीजण चक्रावलेत. अनरिअलच्या ल्युमेनमध्ये (हे उजेड काढायच्या पद्धतीचं नाव, वरचं लुमेन एकक नव्हे) उजेड पडतो, पण पट्टी बारीक आणि फार उजळ असली की उजेड थरथरतो. तिथे पट्टी फक्त दाखवायला ठेवायची आणि उजेडासाठी रेक्ट लाईट, म्हणजे चौकोनी लाईट, वेगळा. एन्स्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेचा लाईट तयारच मिळतो. गोलाकार कोव्ह असेल तर सरळ लाईटचे तुकडे वळणावर लावत जायचे, जोड दिसणार नाहीत इतके लहान.

"प्रत्येक चिप मॉडेल करू का?"

नको. अपवाद दोनच. एक क्लोज-अप, आणि दुसरा जो सगळे विसरतात, गुळगुळीत फरशी किंवा आरसा. कपाटाखाली लपवलेली उघडी स्ट्रिप समोरून दिसत नाही, पण खालच्या पॉलिश दगडात ठिपक्यांची माळ होऊन उमटते. तिथे लाईटला ठिपक्यांचं टेक्स्चर लावलं तरी पुरतं. डिफ्यूझर असेल तर ढोबळ नियम असा की चिप ते कव्हर अंतर हे दोन चिपमधल्या अंतराएवढं किंवा जास्त असेल तर ठिपके विरघळतात, मग सलग लाईटच बरोबर. ठिपके नको म्हणून लाईट प्रतिबिंबातून लपवायची खूण मात्र करू नका, उजेड आहे आणि चकचकीत फरशीत दिवाच नाही, हे बघणाऱ्याला खटकतं, का खटकतंय ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

"एवढं बारीक कोण बघतं?"

स्ट्रिप उभी वाकते, आडवी वाकत नाही. म्हणून काटकोनात ती कापून वायरने जोडतात, आणि कापायची पण ठराविक जागा असते, १२ व्होल्टच्या साध्या स्ट्रिपमध्ये दर तीन चिपनंतर. त्यामुळे कोव्हच्या कोपऱ्यात बऱ्याचदा बोटभर काळोख राहतो. एका ऑफिसच्या व्ह्यूमध्ये मी तो काळोख हौसेने दाखवला, दोन लाईटच्या मध्ये ४ सेंटिमीटरची फट ठेवून. क्लायंट म्हणाला कोपरा भरून द्या, चूक वाटतेय. दिला भरून, दोन मिनिटांचं काम. तीन महिन्यांनी त्याने साइटवरून फोटो पाठवला, कोपऱ्यावर लाल गोल काढून, खाली लिहिलेलं, "रेंडरमध्ये तर हे नव्हतं." मी काही न बोलता पहिला व्ह्यू परत पाठवला.